सल्ला देणाऱ्याचा दिवस कसा जातो, ते आधी बघा

वाचकाचं पत्र

सिडकोत माझं टायपिंगचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं केंद्र आहे. दोन संगणक आहेत, दोन्ही २०१६ साली घेतलेले. विंडोज १० चा सपोर्ट संपला, आता दोन्ही मशीन नवीन घ्या, असं आमचा हार्डवेअरवाला म्हणतो. माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. त्याने हौसेने एका संगणकावर विंडोजच्या जागी आर्च लिनक्स टाकून दिलं. दिसायला फार सुंदर होतं, पण एका अपडेटनंतर पडदा काळा झाला तो झालाच, आणि समोर गिऱ्हाईक उभं. भाचा म्हणतो, "मावशी, थोडं शिकलीस तर तुझं तुलाच जमेल." शेजारी प्रेसमधून निवृत्त झालेले काका आहेत. ते म्हणतात, डेबियनच टाका आणि कंपन्यांचं बंदिस्त सॉफ्टवेअर घरात ठेवू नका. मुलगी घरून एका कंपनीचं काम करते, ती उबुंटू वापरते. तिला विचारलं तर "आई, कुठलंही टाक, सगळं सारखंच," एवढंच. आणि हार्डवेअरवाला म्हणतो, लिनक्स म्हणजे डोक्याला ताप. सगळे शिकलेले, सगळे माझ्या भल्याचंच सांगतायत. मी कोणाचं ऐकू? माझं वय ५१. हे प्रकरण माझ्यासारखीसाठी आहे तरी का?

— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर

ताई,

चौघांपैकी एकही जण तुम्हाला खोटं सांगत नाहीये. तरी चौघांपैकी कोणाचंच पूर्ण ऐकू नका. प्रत्येकाने आपापल्या कामावरून सल्ला दिलाय. तुमचा दिवस कसा जातो, हे त्यांतल्या कोणी विचारलं का? सकाळी शटर वर गेल्यापासून माणसं येत असणार. जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाची रांग, मध्येच दिंडोरीकडून आलेल्या कोणाला डिजिटल सातबारा काढून हवा, कोणाला भाडेकराराचा मसुदा, संध्याकाळी वकिलांकडचं टायपिंग. अशात संगणक अर्धा तास अडला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. कुठलं लिनक्स घ्यायचं, याचा विचार इथून सुरू व्हायला हवा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: हो, हे तुमच्यासाठी आहे. वयाचा इथे काहीच संबंध नाही. दरवर्षी तोंडवळा बदलणारी सरकारी संकेतस्थळं तुम्ही सांभाळता, ओटीपी न येणाऱ्या माणसाची समजूत काढता, वकिलाचं अक्षर लावून टाइप करता. इतकं जिला येतं तिला नवा मेनू समजायला आठवडाभर पुरतो. भाच्याचं "थोडं शिकलीस तर" हे वाक्य तुम्हाला लागलेलं दिसतंय, आणि ते लागणं साहजिक आहे. ते मनावर घेऊ नका. त्याला शिकणं म्हणजे जे वाटतं ते वेगळं आहे, त्याकडे येतेच.

त्याआधी, एका गोष्टीला चार माणसांची चार नावं कशी, ते थोडक्यात. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय असं जाहीर केलं. त्याने बनवला तो गाभा, म्हणजे कर्नल; त्यालाच लिनक्स हे नाव पडलं. नुसत्या गाभ्यावर फॉर्म भरता येत नाही. त्याच्याभोवती शेकडो प्रोग्रॅम जोडावे लागतात, आणि अनेक प्रोग्रॅम रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून तयार होत आलेले होते. परवाना असा की कोणीही हे सगळं घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं. मग ज्याला जशी गरज, तशी त्याने मोट बांधली. डेबियन १९९३ मध्ये सुरू झालं, आर्च २००२ मध्ये, उबुंटू २००४ मध्ये, लिनक्स मिंट २००६ मध्ये. वापरणारा माणूस कोण, हे वरून ठरवणारा एकच मालक इथे नाही. त्यामुळे तऱ्हेतऱ्हेची माणसं आली, आपापली सोय करून बसली, आणि आपली तीच खरी असं प्रत्येकाला मनापासून वाटतं.

आता भाचा. अशी मुलं मी शिकवण्याच्या निमित्ताने खूप पाहिली आहेत आणि मला त्यांच्याबद्दल जिव्हाळा आहे. यांना संगणक उघडून, मोडून, परत जोडून पाहायचा असतो. खिडक्यांच्या कडा कशा दिसाव्यात, कुठलं बटण दाबलं की काय उघडावं, यावर रात्र रात्र घालवतात. आर्च हे अशांनी अशांसाठी बनवलेलं आहे. त्याला दर दोन वर्षांची आवृत्ती वगैरे भानगड नाही, जे नवीन तयार झालं ते लगेच अपडेटमध्ये येतं. कधीकधी अपडेटआधी हाताने काही बदल करावे लागतात. तशी सूचना आर्चच्या संकेतस्थळावर लावतात, आणि वापरणाऱ्याने ती वाचूनच पुढे जावं अशी अपेक्षा असते. तुमचा पडदा नेमका कशाने काळा झाला ते पत्रावरून सांगता येणार नाही. एवढं मात्र नक्की की ती सूचना वाचणं हा आर्च वापरण्याचाच भाग आहे, आणि समोर सहा माणसं उभी असताना ती वाचायला तुम्हाला फुरसत नसते.

या जातीच्या माणसांचे उपकारही लक्षात ठेवा. आर्चचं विकी म्हणून जे माहितीचं भांडार आहे ते यांनीच लिहिलंय. उबुंटूवाले, डेबियनवाले, फेडोरा नावाचं आणखी एक लिनक्स वापरणारे, सगळे अडले की तिथेच जातात. नवीन सॉफ्टवेअरमधले दोष पहिल्यांदा यांच्या संगणकावर दिसतात, हे लोक ते कळवतात, आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर ते दुरुस्त झालेले असतात. तुमचा भाचा यातून जे शिकतोय ते त्याला पुढे पोटाला लावेल. त्याचं एकच चुकलं. स्वतःसाठी नवा पदार्थ करून बघणं वेगळं आणि पंगतीला वाढणं वेगळं. पोट ज्याच्यावर चालतं असा दुसऱ्याचा संगणक हा प्रयोगाचा नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं, आणि ते तुम्हीच सांगा. रागावून नको, पण स्पष्ट. मावशीने सांगितलेलं तो ऐकेल.

काकांबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण त्यांचा सल्ला सगळ्यांत टोकाचा वाटतो आणि तुमच्या धंद्याशी सगळ्यांत जवळचा तोच आहे.

स्टॉलमन यांची गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितली असेल, नसेल तर ऐका, कारण तिच्यात प्रिंटर आहे. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत ते काम करत. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की लोकांच्या पडद्यावर तसा निरोप जाईल, अशी सोय त्यांनी प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून केली होती. मग नवा लेझर प्रिंटर आला. त्याचाही कागद अडकायचा. पण त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, कंपनीने दिला नाही. दुरुस्ती काय करायची ते माहीत असलेला माणूस समोर, आणि त्याला हात लावता येईना. अशा अनुभवांतून त्यांचा आग्रह पक्का झाला: प्रोग्रॅम कशाही कामाला वापरता यावा, तो कसा चालतो ते बघून बदलता यावा, त्याच्या प्रती दुसऱ्यांना देता याव्यात, आणि आपण सुधारलेला प्रोग्रॅमही वाटता यावा. काका ज्या तऱ्हेचे लिनक्सवाले आहेत, त्यांना वेग, सौंदर्य, फुकट मिळणं या गोष्टी दुय्यम असतात. आपल्या यंत्रावर आपला अधिकार हवा, एवढंच त्यांचं म्हणणं. हे लोक हट्टी असतात आणि त्यांच्या हट्टावरच हा सगळा डोलारा उभा आहे. परवान्याच्या अटी त्यांनी इतक्या काटेकोर लिहिल्या नसत्या तर आज आपण ज्याच्यावर बोलतोय ते कुठल्यातरी कंपनीच्या कपाटात बंद झालं असतं.

बंदिस्त सॉफ्टवेअर घरात नको, हे काकांना जमतं, कारण त्यांना पत्रं लिहायची, वाचायची, फोटो ठेवायचे एवढंच काम आहे. तुम्हाला दुसऱ्यांची कामं करून द्यायची आहेत. गिऱ्हाईक जी फाइल आणेल ती उघडावी लागते. खुद्द डेबियननेही २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून वायफायसारख्या भागांना चालवायला लागणारं बंदिस्त सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतलं. त्यांनी त्यासाठी आपसात रीतसर मतदान केलं आणि नव्या माणसाची अडचण पाहून वाट मोकळी केली. तेव्हा तुम्ही सगळं शुद्ध ठेवलं नाहीत तर काही अपराध होत नाही.

पण काकांचं तत्त्व तुमच्याच फोल्डरमध्ये बसलेलं आहे, तिकडे बघा. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या तुमच्या फाइली किती आहेत? करारनाम्यांचे नमुने, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिकांचे मजकूर, वर्षानुवर्षांचं काम. या फाइलींत मराठी अक्षरं साठवलेली नसतात. इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात, आणि तो फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडा, नुसतं गिचमिड दिसेल. म्हणजे तुमच्या हाताने टाइप केलेला मजकूर वाचायला तुम्हाला एका विशिष्ट सॉफ्टवेअरची परवानगी लागते. युनिकोडमध्ये तसं नाही, तिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगात सगळीकडे तोच. काकांचा खरा सल्ला तुमच्यापुरता इतकाच: यापुढे एकही नवी फाइल जुन्या फॉन्टात करू नका, आणि जुन्यांपैकी कामाच्या फाइली हळूहळू युनिकोडमध्ये आणा. तुम्ही लिनक्स घ्या की विंडोजवरच राहा, हे करायलाच हवं.

मुलीचं उत्तर तुटक वाटलं तरी ते प्रामाणिक आहे. घरून काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला डेस्कटॉप म्हणजे नुसतं दार असतं. तिचं काम ब्राउझरमध्ये, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आणि दूरच्या सर्व्हरवर चालतं, आणि सर्व्हरवर बहुतेक लिनक्सच असतं. असे लोक संख्येने भरपूर आहेत, पण ते लिनक्सबद्दल बोलतच नाहीत. गिरणारे रोडवरून जाताना कोणी डांबराबद्दल बोलत नाही, तशातला भाग. तिच्यासाठी खरंच सगळं सारखं आहे. तुमच्यासाठी नाही, कारण तुम्हाला प्रिंटर, स्कॅनर आणि मराठी टायपिंग लागतं आणि तिला यातलं एकही लागत नाही.

हार्डवेअरवाल्याला बाजूला सारू नका. उद्या पॉवर सप्लाय जळला तर तोच येणार आहे. मशीनबद्दल त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तसा संगणक बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या आपसूक येणं थांबतं, आणि जिथे लोकांची आधार, बँक, जमिनीची कागदपत्रं उघडली जातात तिथे हे चालण्यासारखं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. २०१६ चं मशीन त्यात बसत नाही. एवढं त्याचं खरं. "ताप" हा शब्द मात्र तो बहुधा स्वतःच्या भीतीने वापरतोय. त्याला जे दुरुस्त करता येत नाही ते तुमच्या टेबलावर आलं तर तुम्ही त्यालाच फोन कराल, हे त्याला ठाऊक आहे. त्याला सांगा की सॉफ्टवेअरसाठी मुलगी आहे, तुझ्याकडून मला रॅम आणि एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, हवी. एवढी एक गोष्ट मात्र त्याच्याकडून घेऊ नका: थोडक्या पैशांत क्रॅक करून टाकलेलं विंडोज ११. क्रॅकसोबत काय आत येतं ते ना त्याला कळतं ना तुम्हाला, आणि त्याच संगणकावर लोक तुमच्या भरवशावर आपला पासवर्ड टाकतात.

तुम्हाला अजून न भेटलेली माणसंही आहेत. एक जण दर महिन्याला नवं लिनक्स टाकून बघतो, आज फेडोरा, उद्या आणखी काही. त्याच्याकडून गप्पा ऐकाव्यात, सल्ला घेऊ नये. दुसऱ्याच्या संगणकावर दोन्ही असतं, विंडोजही आणि लिनक्सही. सीएच्या ऑफिसात टॅलीसाठी, सातपूर-अंबडच्या वर्कशॉपात ऑटोकॅडसाठी विंडोज ठेवावंच लागतं, कारण हे दोन्ही लिनक्ससाठी निघत नाहीत. अशा माणसाला कट्टर लोक हसतात. हसू देत. आणि तिसरी तऱ्हा, जी मला सगळ्यांत जवळची वाटते: मेनूंचं मराठी भाषांतर करणारे, फॉन्टात जोडाक्षर चुकलं तर कळवणारे. यांना प्रोग्रॅमिंग येतंच असं नाही. पडद्यावर आपली भाषा धड दिसावी म्हणून ते संध्याकाळी बसून हे काम करतात. तुमचा मराठीचा हात इतका तयार आहे की उद्या तुम्हीही त्यांच्यात असू शकता.

राहिली तुमची जात. चांगलं चालणारं यंत्र कोणीतरी जुनं ठरवलं म्हणून टाकून द्यायला नकार देणारी माणसं. ही तऱ्हा जगभर आहे आणि तिच्यात शिक्षक, छोटे दुकानदार, ग्रंथालयं खूप आहेत. केरळमधल्या सरकारी शाळांनी कित्येक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिकवला आहे. तिथल्या मुलांपैकी कोणी हॅकर म्हणून जन्माला आलं नव्हतं. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, एकच ठरलेली व्यवस्था सगळीकडे टाकली, आणि अडलं तर विचारायला माणूस ठेवला. यातला शेवटचा मुद्दा तुम्ही धरून ठेवा. कुठलं लिनक्स चांगलं, यापेक्षा अडल्यावर तुमच्या शेजारी बसायला कोण आहे, हे बघून निवड करा.

तुमच्याकडे तसं कोण आहे? मुलीला उबुंटू येतं. काकांना डेबियन येतं. उबुंटू डेबियनवरून बनतं आणि लिनक्स मिंट उबुंटूवरून. तिघांची पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅम टाकायचे गठ्ठे, एकाच पद्धतीची, बहुतेक आज्ञा त्याच. म्हणून माझं सांगणं: ज्या संगणकावर आर्च आहे त्यावर लिनक्स मिंट टाका. घरातली एक आणि शेजारचे एक, अशी दोन माणसं ते सांभाळू शकतात. मिंटची मांडणी तुमच्या सवयीची आहे, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी. रॅम चार जीबी असेल तर त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या, आठ असेल तर सिनॅमन. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत, म्हणजे तोवर हा विषय डोक्यातून काढता येईल.

लगेच टाकू मात्र नका. मिंट पेनड्राइव्हवरून चालू करता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. मुलीला तो पेनड्राइव्ह बनवायला सांगा आणि एखाद्या रविवारी दुकानात बसा. प्रिंट काढा. प्रतिज्ञापत्राचं एक पान स्कॅन करा. रोजची संकेतस्थळं उघडून एखादा अर्ज शेवटपर्यंत नेऊन बघा. प्रिंटर ही खरी परीक्षा असते. एचपीच्या पुष्कळ प्रिंटरांसाठी एचपीलिप नावाचं सॉफ्टवेअर आहे आणि ते लगेच चालतात, पण काही जुने लेझर प्रिंटर फक्त स्वतःच्या खास ड्रायव्हरवरच चालतात आणि तिथे फार वेळ जातो. तसं निघालं तर तो प्रिंटर दुसऱ्या संगणकाला राहू द्या.

मराठी टायपिंगचं सगळ्यांत आधी बघा, कारण तुमचा वेग तिथे आहे. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की काम झालं. टायपिंगच्या परीक्षेमुळे टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी हातात बसली असेल तर आयबस आणि एम१७एन ही दोन नावं मुलीला सांगा, त्यांच्यातून इतर पद्धती मिळतात. त्यातली तुमच्या हाताला जुळते का, हे एक पूर्ण पान टाइप करून ठरवा. दोन ओळींवरून ठरवू नका, कारण रफार आणि जोडाक्षरं कुठे आहेत ते पानभर टाइप केल्यावरच कळतं. फॉन्टांची चणचण नाही. लोहित आहे, नोटो आहे, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू आहेत, सगळे मोफत आणि सगळे युनिकोड. वर्डऐवजी लिबरऑफिस असेल, २०१० पासून चालत आलेलं आणि भरवशाचं. गिऱ्हाइकाने आणलेली वर्डची फाइल त्यात उघडते, पण तक्ते आणि समास कधी कधी सरकतात. छापण्याआधी एकदा नजर टाका, आणि बाहेर द्यायचं ते पीडीएफ करून द्या.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय असते. ती पहिल्याच दिवशी चालू करा. ठरवून दिलेल्या वेळी ती सिस्टिमची नोंद घेऊन ठेवते, आणि काही बिघडलं तर त्या नोंदीच्या वेळच्या स्थितीवर परत आणते. परत येण्याची ही पद्धत मुलीला शेजारी बसवून एकदा स्वतःच्या हाताने करून बघा, म्हणजे काळा पडदा आला तरी घाबरायला होणार नाही. टाइमशिफ्ट तुमच्या फाइली मात्र जपत नाही. त्यांची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, दर शनिवारी दुकान बंद करताना.

दुसरा संगणक विंडोजवरच राहू दे. बोटांचे ठसे घेण्याचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, कोरलड्रॉमधल्या पत्रिका, जुन्या फॉन्टांच्या फाइली, यांच्यासाठी अजून विंडोज लागतं आणि त्यात कमीपणा नाही. पण हा जुना विंडोज १० चा संगणक फार दिवस इंटरनेटवर ठेवणं बरं नाही. हातात पैसे येतील तेव्हा नवं मशीन याच्या जागी घ्या. हार्डवेअरवाल्याने दोन सांगितली होती, तुम्हाला एक पुरेल, आणि जुन्यात एसएसडी टाकायला तोच लागेल.

शिकायला दुकान सोडून कुठे जायला नको. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे छोटे धडे आहेत, मराठी आवाजात, मोफत. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा एकेक बघा.

भाच्याचं आर्च काढून टाकताना त्याला वाईट वाटेल, म्हणून त्याला त्याच्या तोडीचं काम द्या. जुन्या फॉन्टातल्या शेकडो फाइली एकेक करून युनिकोडमध्ये आणणं हे कंटाळवाणं काम आहे, आणि असं काम संगणकाकडून करवून घेणारा प्रोग्रॅम लिहिणं ही त्याच्यासारख्याची हौस असते. त्याने लिहावा, काकांनी निकाल वाचून चुकलेली जोडाक्षरं दाखवावीत. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, प्रतींवरच काम करायचं, एवढी अट त्या दोघांना घाला.

रविवारच्या चाचणीत प्रिंटर अडला तर त्याच्या मागच्या पट्टीवरचं मॉडेल मला लिहून पाठवा. तो लिनक्सवर चालतो की नाही ते बघून कळवते.